आयता चहा

लग्नाला तेहतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला कोणी फिरायला नेलं नाही असं म्हटलं तर पाप लागेल. नागपूर, अमरावती, वर्धा, इटारसी, भोपाळ, सगळं पाहून झालंय. म्हणजे तिथली स्वयंपाकघरं पाहून झाली आहेत. कुणाकडे साखरेचा डबा वरच्या फळीवर असतो आणि कुणाच्या गॅसचा डावा बर्नर नीट पेटत नाही, हे मला अजून तोंडपाठ आहे.

पचमढीचंच सांगते. स्वानंदी, आमची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची होती. चांगलं हॉटेलात राहायचं ठरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "वाटेत पिपरियाला माझा मावसभाऊ राहतो, एक रात्र त्याच्याकडे थांबू." थांबलो. दारातच त्याची बायको म्हणाली, "वहिनी, अगदी घरासारखं समजा." मी समजले. तिची कंबर त्याच संध्याकाळी धरली. तीन दिवस मी पोळ्या लाटल्या आणि पचमढी पाहिली ती एका दुपारी, तीही ढगात. ज्या कोणी हे 'घरासारखं समजा' शोधून काढलं, त्याने घरात कधी काम केलं नसणार.

यात यांचा दोष किती, हे मी अनेकदा मोजून पाहिलंय. नीलकंठ खडतकर हा माणूस वाईट नाही. फॅक्टरीत छत्तीस वर्षं नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, सुपारीचंही व्यसन नाही. पण एक रोग आहे. आम्ही राहतो जबलपुरात, तिथे सगळीकडे हिंदी, त्यामुळे बाहेर कुठे मराठी शब्द कानावर पडला की यांची मान आपोआप वळते. "कुठले हो तुम्ही?" झालं. पाच मिनिटांत गाव निघतं, दहा मिनिटांत नातं निघतं, आणि अर्ध्या तासात आम्ही त्यांच्या घरी जेवायला असतो किंवा ते आमच्या घरी. आणि स्वयंपाक कोण करतं, ते सांगायला नको.

या जानेवारीत मला साठ पूर्ण होणार होती. स्वानंदी बँकेत आहे, कमावती आहे. ती एका सकाळी म्हणाली, "आई, मी सिरियसली विचारून राहिले. बर्थडेला क्या चाहिए? साडी नको सांगू."

"चहा," मी म्हटलं.

"काय?"

"सकाळचा पहिला चहा. मी उठून उन्हात बसले आहे, आणि कोणीतरी आयता चहा आणून माझ्या हातात देतंय. आणि प्यायल्यावर कप मी विसळायचा नाही."

"बस? इतकंच?"

"इतकंच म्हणजे? साठ वर्षांत झालं नाही ते." आणि ते खरंच होतं. माहेरी आर्वीला मी चार भावंडांत थोरली. सासरी जबलपूरला, कांचघर मोहल्ल्यात आले तर एकुलती एक सून. टपरीवरचा चहा खूप प्यायले, पण तो काही उठल्यावरचा पहिला नव्हे.

"मीच देते ना करून," स्वानंदी म्हणाली.

"तुझा चहा मी एकदा प्यायले आहे," मी म्हटलं. ती नऊला उठते आणि काळी कॉफी पिते, तेव्हा विषय तिथेच संपला. हे समोर पेपर वाचत बसले होते. पेपराच्या मागून आवाज आला नाही. पानही उलटलं नाही.

पोरीने मात्र मनावर घेतलं. दोन दिवसांत तिने जागा शोधली. मंडल्याच्या पुढे बळीराम नावाच्या शेतकऱ्याने आपल्या शेतात पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. त्याची बायको स्वयंपाक करते. पुढे नर्मदा, मागे मोहरीचं शेत. जबलपूरहून गाडीने अडीच-तीन तास. शनिवारी जायचं, रविवारी परत. "आणि आई, खर्च म्हणशील तर तुमच्या नागपूरच्या एका लग्नाच्या आहेरापेक्षा कम," ती म्हणाली.

मग तिने नियम वाचून दाखवले. एक, वाटेत कोणत्याही नातेवाइकाकडे थांबायचं नाही. दोन, घरून खायला काहीही न्यायचं नाही. तीन, गाडीच्या बाहेर पाय ठेवला की मराठी बंद. फक्त हिंदी.

"मराठी बंद काहून?" यांनी विचारलं.

"तुमच्यामुळे, बाबा. कोणाला कळलंच नाही तर नातं निघणार कुठून?"

"आणि समोरचाच मराठीत बोलला तर?"

"तर आपण नाही समजत."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "चलो, ठीक आहे," हे म्हणाले. असा चेहरा केला की जणू घरातच तोंडाला कुलूप लावलं.

शनिवारी सकाळी आठला निघालो. गौर नदीच्या पुलापर्यंत इतकं धुकं की स्वानंदी खिडकीबाहेर डोकं काढून गाडी चालवत होती. यांनी आदल्या दिवशी चारही चाकांची हवा तपासली होती, स्टेपनीची दोनदा. बरेला गाव ओलांडलं तसं ऊन पडलं आणि गाडीत सगळ्यांनाच बरं वाटायला लागलं. पेरू घ्यायला थांबलो तेव्हा स्वानंदीने डिक्की उघडली आणि तिला माझी पिशवी सापडली.

"आई! हे काय?"

"मटार. पनागरचे आहेत, काल ताजे आले."

"नियम नंबर दोन!"

"खायला कुठे आणलेत? सोलायला आणलेत. उन्हात बसायचं तर हातांना काहीतरी नको का?"

"यह चीटिंग है."

"राहू दे गं," हे म्हणाले. "कच्चे आहेत. ते खाणं नाही, टाइमपास आहे." पेरूवाला ऐकत होता म्हणून यांनी हेच पुन्हा हिंदीत सांगितलं. त्याने चार पेरू जास्त टाकले, काहून ते कळलं नाही.

मंडल्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गरम पाण्याचं कुंड आहे. थंडीत त्यावर वाफ असते आणि गंधकाचा वास येतो. आम्ही पाय शेकायला उतरलो. हे आणि स्वानंदी गाडी लावत होते, मी पुढे गेले. पायऱ्यांवर माझ्याच वयाची एक बाई साडी सावरत उतरत होती. तिच्या चपलेखाली शेवाळ आलं, ती डगमगली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई! सांभाळून! माझा हात धरा!"

तिने हात धरला. मग वर पाहिलं. "तुम्ही मराठी?"

नाही म्हणायला हवं होतं. नियम साधा होता. पण त्या बाईचा चेहरा असा खुलला की माझ्याच्याने खोटं बोलवेना. "हो," मी म्हटलं. आणि पुढे, देवा शपथ, माझ्याच तोंडाने विचारलं, "कुठले हो तुम्ही?"

त्या दीपावहिनी. आता नागपूरला असतात. त्यांची धाकटी बहीण आर्वीला दिलेली, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. मी तिच्या लग्नात पंगतीला वाढलं होतं. एवढं निघायला चार मिनिटंही लागली नाहीत, म्हणजे मी यांचा विक्रम मोडला. पाठीमागून स्वानंदी आली, ऐकत राहिली, आणि कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात दीपावहिनींचे मिस्टर कुंडाच्या पलीकडून पंचा गुंडाळलेले धावत आले. आमच्याकडे नाही, यांच्याकडे. "नीलकंठ! अरे नीलकंठ!"

"देवदत्त?" हे म्हणाले आणि दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली की यांचा नवा स्वेटर ओला झाला. देवदत्त यांच्याच सेक्शनला होते. बारा वर्षं एकत्र काम केलं, मग त्यांची बदली झाली, आणि भेट झाली ती आज, वीस वर्षांनी. त्या पुरुषांची दोस्ती फॅक्टरीच्या गेटाच्या आत होती, त्यामुळे आम्ही बायका एकमेकींना ओळखत नव्हतो. ती दोघं मंडल्याला लॉजवर उतरली होती आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला परतणार होती.

"उद्या सकाळी तुमच्याकडे चहाला येतो," देवदत्त म्हणाले. "लॉजवरचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी आहे."

"या ना! काहून नाही!" हे म्हणाले.

गाडीत बसल्यावर मला यांना बोल लावायची सोयच नव्हती, मूळ गुन्हा माझाच होता. "चहा बळीरामची बायकोच करेल ना," स्वानंदी म्हणाली. "दोन कप जास्त. क्या फर्क पड़ता है?" मलाही ते पटलं आणि जीव थोडा भांड्यात पडला.

आणि दिवस सुंदर गेला, हे कबूल करायला हवं. दुपारी सहस्रधारेला गेलो. नर्मदा तिथे काळ्या खडकांतून शंभर वाटांनी पळते. स्वानंदीने मला नावेत बसवलं, मी किंचाळले, हे हसले, नावाडीही हसला. संध्याकाळी बळीरामच्या अंगणात शेकोटीजवळ बसलो. त्याच्या बायकोने कोदो या भरडधान्याचा भात, तुरीचं वरण आणि निखाऱ्यावर भाजलेल्या टोमॅटोची चटणी वाढली. मी तीनदा भात मागितला. एकदाही उठले नाही. ताट कोणी नेलं ते पाहिलंसुद्धा नाही. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग बळीराम हात पुसत आला. "दीदी, एक बात थी. सुबह हम दोनों को मंडला निकलना पड़ेगा, बाज़ार में सब्ज़ी पहुँचानी है. आठ-नौ बजे तक लौटेंगे. दूध, पत्ती, शक्कर, सब चूल्हे के पास रखा है. आप चाय बना लीजिएगा." आणि मग तो अगदी मनापासून हसला. "अपना ही घर समझिए."

स्वानंदीने माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "हाँ भैया, बिल्कुल." दुसरं काय म्हणणार? त्याची भाजी काही माझ्या वाढदिवसासाठी थांबणार नव्हती.

रविवारी सकाळी उठले तर बाहेर ऊन आलेलं होतं. नदीवर वाफ तरंगत होती, मोहरी पिवळीधमक, आणि अंगणात कोणीतरी खाट टाकून ठेवली होती, बरोबर उन्हात. अगदी मी मनात पाहिली होती तशी. मी तिच्याकडे एकदा पाहिलं, शाल खांद्यावर घट्ट केली आणि चुलीच्या पडवीकडे वळले. रडू येत होतं आणि स्वतःचाच राग येत होता. साठ वर्षांची बाई, एका चहासाठी रडते, कोणाला सांगणार?

तेवढ्यात फाटकातून देवदत्त आणि दीपावहिनी आले. पावणेआठ वाजले होते. हे खोलीतून बाहेर आले, कानटोपी घालून. मागून स्वानंदी, डोळे चोळत.

"वहिनी, तुम्ही कुठे निघाल्या?" देवदत्तांनी विचारलं.

"चहा ठेवते ना."

"तुम्ही? मग हा कशाला आहे?" त्यांनी यांच्या पाठीवर थाप मारली. "माफ करा, पण एवढ्या थंडीत मी तुमच्या हातच्या चहासाठी नाही आलो. याच्या हातच्या चहासाठी आलो. दीपाला कालपासून तेच सांगून राहिलो."

"यांच्या हातचा?" मी म्हटलं.

"बापा, तुम्हाला काय सांगायचं! तुम्ही तर रोजच पीत असाल."

स्वानंदी डोळे चोळायची थांबली.

"बाबा," स्वानंदी म्हणाली, "आपको चाय बनानी आती है?"

"आती है?" देवदत्त हसायलाच लागले. "अगं, आमच्या सेक्शनला चहाची पाळी असायची. रोज एकाने करायचा. पण याची पाळी आली की बाजूच्या सेक्शनचे लोक पेला घेऊन हजर. शेवटी सगळ्यांनी मिळून पाळीच बंद केली. चहा नीलकंठ करेल आणि त्या वेळात त्याचं काम आम्ही वाटून घेऊ. बदली होऊन गेलो तेव्हा मी प्रमोशनसाठी नाही रडलो, त्या चहासाठी रडलो."

मी यांच्याकडे पाहिलं. हे कानटोपीची गाठ सोडत होते आणि पुन्हा बांधत होते. मला राग आला. साधा नाही, चांगला खणखणीत राग. तेहतीस वर्षं हा माणूस सकाळी सव्वासहाला खुर्चीत बसून "चहा झाला का गं?" विचारत होता, आणि साडेदहाला फॅक्टरीत जाऊन सगळ्या जगाला चहा पाजत होता.

हे पडवीत गेले. मी मागोमाग गेले. यांनी चूल पेटवली, पातेलं चढवलं, आणि आलं शोधून पेल्याच्या बुडाने ठेचायला लागले. हात सराईत होता. पाहूनच कळत होतं.

"काहून सांगितलं नाही?" मी विचारलं.

"तुला आठवत नाही?"

"काय आठवायचं?"

"लग्नाला आठ दिवस झाले होते," हे पातेल्याकडेच पाहत म्हणाले. "तू झोपली होतीस. मी उठून चहा केला. तुझ्यासाठीच केला होता. आईने पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, सुनेचा चहा पोराला आवडलेला दिसत नाही. तू मोरीत जाऊन रडलीस. मग मला म्हणालीस, आवडत नसेल तर मला सांगा, पण माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा असं करू नका. मी म्हटलं, नाही करणार."

मला आठवलं. मोरीतली पाण्याची बादली आठवली, हातातल्या नव्या बांगड्या आठवल्या. सत्तावीस वर्षांची होते, आणि त्या घरात माझं म्हणावं असं काहीच नव्हतं, एक चहा सोडून.

"मी विसरूनच गेले होते हो."

"मी नाही विसरलो."

"अहो, पण आईंना जाऊनसुद्धा पंधरा वर्षं झाली!"

"शब्द तुला दिला होता ना. आईला कुठे दिला होता?" यांनी साखर टाकली, चाखून न पाहता. "तू काही म्हणालीच नाहीस. त्या दिवशी तू चहा मागितला, तेव्हा वाटलं होतं म्हणावं, मी देतो. पण तू पोरीकडे मागितला."

आता या माणसाचं काय करायचं सांगा. शब्द पाळावा, कोण नाही म्हणतं? पण तेहतीस वर्षांत एकदा, सणावाराला का होईना, विचारून तरी पाहावं की नाही? आणि मी तरी काय कमी? मनात चहा मागत राहिले, आणि ज्याला येत होता त्याला सोडून सगळ्यांकडे मागितला. मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं, धुराचं निमित्त करायला चूल होतीच.

"जा," हे म्हणाले. "उन्हात जाऊन बस. आणतो मी."

मी जाऊन बसले. दीपावहिनी माझ्या शेजारी बसल्या, स्वानंदीने मटारची पिशवी आणून मध्ये ओतली, आणि आम्ही तिघी सोलायला लागलो. ऊन पाठीवर होतं. देवदत्त काही तरी फॅक्टरीचं सांगत होते, माझं लक्ष नव्हतं. माझे डोळे पडवीच्या दाराकडे होते. लग्नाच्या वेळीसुद्धा मी यांची अशी वाट पाहिली नव्हती.

हे आले. एका हातात कप, दुसऱ्या हाताने त्यावर बशी झाकलेली, निवू नये म्हणून. बाकी सगळ्यांचे कप मागे पडवीतच होते. आधी मला आणून दिला. "घे," हे म्हणाले. "वाढदिवसाचा."

मी घोट घेतला. मला वाटलं होतं, ठीकठाक असेल, कौतुक करून टाकू. तसं नव्हतं. आलं नेमकं, दूध नेमकं, पत्ती उकळली होती पण कडवट झाली नव्हती. माझ्या चहापेक्षा चांगला होता. हे मी इथे सांगते आहे, यांना अजून सांगितलेलं नाही.

"कसा आहे?" यांनी विचारलं. एवढा मोठा माणूस, पण रिझल्टच्या दिवशी स्वानंदी जशी उभी राहायची तसा उभा होता.

"बरा आहे," मी म्हटलं. पण दुसरा घोट लगेच घेतला, त्यामुळे यांना काय ते कळलं असावं.

सगळ्यांचा चहा झाला. माझा हात सवयीने दीपावहिनींच्या कपाकडे गेला, उचलून विसळायला. "ठेव तो," हे म्हणाले. मी ठेवला. स्वानंदी फोटो काढत होती, काढू दिला. नदीवरची वाफ विरत चालली होती आणि पलीकडचा काठ दिसायला लागला होता. मी माझा रिकामा कप यांच्यापुढे धरला.

"अजून आहे का?"

"सेक्शनला कधी कमी पडला नाही," हे म्हणाले, आणि कप घेऊन आत गेले.